फोटोंच्या मागे लिहिलेलं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीबेरात्रीची गोष्ट नाही. रविवार होता. दुपारचे तीन वाजले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत चांगलं लख्ख ऊन होतं. एक टेबल, त्यावर लॅपटॉप, दोन खुर्च्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. घाबरावं असं त्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं.

खोलीत दोघीच होत्या. माझी मावसबहीण आणि तिची आई, म्हणजे माझी मावशी.

जे घडलं ते बहिणीने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती थापा मारणाऱ्यातली नाही. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर बाटल्या आणि बाटल्यांवर नावं. नाव नसलेली बाटली समोर आली की बाईसाहेब भल्याभल्या डॉक्टरांनाही जुमानत नाहीत, सरळ परत पाठवतात. इतकी काटेकोर.

घरात तिला थोरली म्हणतात. एकुलत्या एका मुलीला थोरली का म्हणता, असं नवीन माणूस हमखास विचारतं. मग सगळे इकडेतिकडे बघायला लागतात.

कारण एक धाकटी होती.

दोघी जुळ्या. अकरा मिनिटांचा काय तो फरक. ओळखू म्हणून यायच्या नाहीत. मी एकीला रागावायचे, दुसरीला जवळ घ्यायचे आणि मागाहून कळायचं की दोन्ही वेळा एकच होती. काकांना, त्यांच्या सख्ख्या बापालासुद्धा, कळायचं नाही. कळायचं ते फक्त मावशीला. तिला त्या पाठमोऱ्या दिसल्या तरी कळायचं.

सातव्या वर्षी धाकटी गेली. ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर त्या घरात तिचा विषय कुणी काढला नाही. थोरली मात्र थोरलीच राहिली.

काकांना फोटोंचा भारी नाद. घरं बांधायचे नकाशे काढणं हे त्यांचं काम, आणि फोटो काढणं हा जीव. एकोणीस अल्बम भरले होते. मग डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाइल आले. सगळे मिळून सव्वीस हजारांच्या वर फोटो. चार वर्षांपूर्वी काका गेले आणि हा पसारा थोरलीच्या गळ्यात पडला.

त्यातच मावशी विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग घराचा रस्ता. डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, "आईंना काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या."

थोरलीला एकच विचारायचं होतं.

फोटोतली मी कोणती आणि ती कोणती?

हसू नका. त्या बिचारीला आपल्या बहिणीचा चेहरा आठवत नाही. आरशात बघावं तर आठवतो, पण तो तिचा स्वतःचाच. हातात धरून "ही माझी बहीण" असं म्हणता येईल असा एक फोटो तिच्याजवळ नव्हता.

असायला हवा होता. आणि नव्हता तो तिच्याच चुकीने. हे आता सांगते, कारण ते तिच्या जिवाला लागून राहिलंय.

मागच्या वर्षी भिंतींना ओल आली आणि अल्बमना बुरशी धरली. थोरलीने सगळे अल्बम एका स्टुडिओत नेऊन दिले. स्टुडिओवाल्याने एकेक फोटो सोडवला, स्कॅन केला आणि सगळं हार्ड डिस्कवर घालून दिलं.

"मूळ फोटोंचं काय करू?" त्याने विचारलं.

"नकोत. बुरशी लागलीय त्यांना. पण रद्दीत घालू नका हं, कुणाच्या तरी हातात पडतील. तुकडे करून टाका."

लॅबमध्ये तसंच करतात. तपासणी झाली की नमुना ठेवायचा नाही. सवयच ती.

डिस्क घरी आणली त्या संध्याकाळी ती मोठ्या हौसेने मावशीला लॅपटॉपवर फोटो दाखवायला बसली. मावशीने दोन फोटो पाहिले, तिसरा पाहिला आणि म्हणाली, "यात मागचं कसं वाचायचं गं?"

"मागचं म्हणजे?"

"बाबा लिहायचे ना मागे. डावीकडची कोण, उजवीकडची कोण. मी सांगायचे आणि ते लिहायचे."

थोरलीच्या पायांखालची जमीनच सरकली. फोटो अल्बममध्ये चिकटवलेले होते. उभ्या जन्मात तिने एकही उलटा करून पाहिला नव्हता. तिने धावतपळत स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"होतं की लिहिलेलं," तो म्हणाला. "काय सुरेख अक्षर हो. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, सगळ्यांवर. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

"आणि तुकडे..."

"त्याच दिवशी केले, ताई."

शेवटच्या फोटोपर्यंत, सगळ्यांवर. या बोलण्यात तेव्हा तिला काही खटकलं नाही. खटकायला डोकं ठिकाणावर लागतं. ती नुसती रडत होती. मला फोन केला तेव्हाही एकच वाक्य, "ताई, मी माझ्या बहिणीचं नाव फाडून टाकलं गं."

तर आता उरली होती फक्त मावशी. आणि तीही दिवसागणिक कमी होत चालली होती.

म्हणून त्या रविवारी थोरलीने फोटोंचं ते सॉफ्टवेअर घेतलं. ते सगळे फोटो एका जागी आणतं, वर्षाप्रमाणे लावतं आणि त्यातले चेहरे ओळखतं. आपण चारदोन दाखवले की बाकीचे ते स्वतः हुडकतं. शंका आली तर विचारतं, ही तीच व्यक्ती आहे का? खाली दोन बटणं. हो आणि नाही.

सकाळपासून फोटो आत जात होते. तिने प्रत्येक अल्बमला वर्ष घातलं, जुन्या मोबाइलमधले फोटो ओढून घेतले, डिस्क जोडल्या. जेवणं झाली, भांडी झाली. तीन वाजता सगळे सव्वीस हजार आत आले आणि चेहऱ्यांची यादी उघडली.

सगळ्यात वर एक मुलगी. एकवीसशे फोटो.

दोघींना मिळून त्याने एकच माणूस धरलं होतं.

"आई, इकडे ये. बस माझ्याजवळ," थोरली म्हणाली. "आता मी एकेक दाखवते. तू नुसतं सांग."

मावशी त्या दिवशी बरी होती. चष्मा पुसून बसली. पहिल्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही तू. ही ती."

"कशावरून?"

"तू दात दाखवतेस. ती श्वास धरून बसते. फोटो काढायचा म्हटलं की गाल फुगवून बसायची, हलायची नाही. बाबांना म्हणावं लागायचं, झालं गं, सोड आता."

थोरलीने पडद्याजवळ तोंड नेलं. खरंच होतं. ओठ घट्ट मिटलेले आणि गाल एवढेसे फुगलेले. आपल्या बहिणीबद्दल तिला कळलेली ती पहिली गोष्ट. एकतीस वर्षांनी.

मग कामाला वेग आला. ही तू, ही ती. ही तू, ही ती. साठएक फोटो मावशीने असे सांगितले. हळूहळू सॉफ्टवेअरला उमजायला लागलं आणि ते आपलं आपण वाटणी करायला लागलं. एका बाजूला थोरली. दुसऱ्या बाजूला धाकटी.

धाकटी, तीनशे अठ्ठ्याऐंशी फोटो.

थोरलीने लॅपटॉपवरचे हात काढले आणि पदराने डोळे पुसतात तसे ओढणीने पुसले. तिची बहीण तिच्यासमोर होती. झोपाळ्यावर, बादलीत पाय घालून, पुस्तक उलटं धरून. सगळीकडे श्वास धरून बसलेली, वेडी.

मावशीला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. तिचं बारीक घोरणं चाललं होतं. थोरलीला वाटलं, आज झोप लागेल आपल्याला. वर्षभरात पहिल्यांदा.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

तीनशे एकोणनव्वद.

म्हणजे अजून एक सापडला. तिने उघडला.

वर्गाचा फोटो होता. मुली तीन रांगांत उभ्या. मधल्या रांगेत एका चेहऱ्याभोवती चौकट आणि खाली प्रश्न. ही धाकटीच आहे का?

फोटो चौथीचा होता. धाकटी पहिलीत असताना गेली.

थोरलीला हसूच आलं. यंत्र ते यंत्रच. तिने "नाही" दाबलं.

आणि...

जवळच कुणीतरी श्वास आत घेतला.

लहानसा. पटकन घेतलेला. आणि मग सोडल्याचा आवाज आलाच नाही.

तिने मावशीकडे पाहिलं. मावशीचं घोरणं तसंच संथ चाललं होतं. लॅपटॉपचा पंखा बंद पडला होता. खालच्या रस्त्यावरून गाड्या जातात, त्यांचा आवाज येत नव्हता.

पुढचा फोटो आला. अकरा वर्षांची मुलगी, सायकल धरून. ही धाकटीच आहे का?

नाही.

पुन्हा तो श्वास... आत घेतलेला. धरून ठेवलेला.

पुढचा फोटो. तेरा वर्षांची. दाराच्या चौकटीला टेकलेली, ओठ मिटलेले.

तरी तिने दाबलं. नाही.

या वेळी आवाज इतका जवळ आला की तिने मान वळवलीच नाही.

"किती वेळा नाही म्हणशील तिला?"

मावशी जागी होती. पडद्याकडे बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा.

"आई, अगं हे मशीन चुकतंय. ही मी आहे. ती या वेळी नव्हतीच."

"तू नाहीस. धाकटी आहे ती."

"आई..."

"मला शिकवू नकोस. मी नऊ महिने वाढवलंय दोघींना."

थोरलीने स्वतःला समजावलं की आई विसरते, आईचं काय घेऊन बसायचं. तरी राहवेना. तिने विचारलं, "बाबांना हे माहीत होतं?"

"आधी नव्हतं," मावशी म्हणाली. "फोटो धुऊन आले की ते मला विचारायचे, ही कोण, ती कोण. एकदा असाच गठ्ठा आला. तुझ्या एकटीचेच होते सगळे. पण सवय ना. मी बघत गेले आणि सांगत गेले. ही थोरली, ही थोरली, ही धाकटी. बोलून गेले आणि मग माझं मला कळलं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती."

"मग?"

"मग काही नाही. बाबांनी लिहिलं."

थोरलीला स्टुडिओवाल्याचं बोलणं आत्ता आठवलं. शेवटच्या फोटोपर्यंत. सगळ्यांवर. एकटीच मुलगी असलेल्या फोटोंच्या मागे काका इतकी वर्षं काय लिहीत होते, ते तिला आत्ता कळलं. आणि ते सगळं तिने तुकडे करायला दिलं होतं.

"फार यायची नाही," मावशी सांगत होती. "वर्षातून दोनदा, तीनदा. बाबा उगाच तुझे फोटो काढत बसायचे, आठवतं? तू वैतागायचीस. किती काढता बाबा, म्हणायचीस. ते तिच्यासाठी गं. एखाद्यात असायची. उंच होत होती तुझ्याबरोबर. आम्हाला तेवढंच पुरायचं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस. मग फोटोच काढू दिले नसतेस."

खरं होतं ते.

पडद्यावर पुढचा फोटो आला होता. शाळेची सहल, नदीकाठ. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली ओळीने बसलेल्या. टोकाला ती. गाल एवढेसे फुगलेले.

हा फोटो थोरलीने आयुष्यभर आपला, कुठल्या तरी सहलीचा समजून पाहिला होता. त्या दुपारी तिने तो पहिल्यांदा नीट पाहिला.

त्या सहलीला ती गेलीच नव्हती. तिला कावीळ झाली होती. तीन आठवडे ती अंथरुणात होती आणि सहल चुकली म्हणून भिंतीकडे तोंड करून रडली होती. मैत्रिणी फोटो घेऊन भेटायला आल्या होत्या आणि एक जण म्हणाली होती, बरं झालं बाई तू सहलीला आलीस. तापात काहीतरी वेगळं ऐकलं, असं तेव्हा तिला वाटलं.

ही धाकटीच आहे का?

खोलीत काही हलत नव्हतं. कुणीतरी श्वास धरून वाट बघत होतं, हे तिला कळत होतं.

थोरलीने "हो" दाबलं.

आणि तिच्या मानेजवळ... अगदी हळू... कुणीतरी श्वास सोडला.

ती मला म्हणाली, "ताई, भीती वाटायला हवी होती ना? मला नुसतं रडू आलं. इतकी वर्षं धरला होता गं तिने."

मग तिने एकालाही नाही म्हटलं नाही. आधीचे तीनही परत शोधून हो केले. संध्याकाळपर्यंत धाकटीच्या बाजूला सत्तावन्न नवे फोटो आले होते. कॉलेजच्या पायऱ्यांवर. नव्या घराच्या रिकाम्या खोलीत. काकांच्या निवृत्तीच्या दिवशी, लोकांच्या मागे, अर्धाच चेहरा.

सत्तावन्नावा शेवटचा.

तो मावशीच्या मोबाइलमधला होता. काका शेवटचे आजारी होते तेव्हाचा. पलंगावर ते आणि त्यांच्या उशाशी ती बसलेली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून. काका कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

थोरलीने तारीख पाहिली. वेळ पाहिली. दुपारी तीन चाळीस.

काका त्याच दिवशी चारला गेले.

आणि थोरली त्या दिवशी सहापर्यंत लॅबमध्ये होती. तातडीच्या तपासण्या आल्या होत्या. तासाभरात येते म्हणून गेली आणि अडकली. बाबांच्या शेवटच्या घटकेला आपण नव्हतो, हे तिने चार वर्षं उरावर वागवलं होतं. कुणी सांत्वन करायला गेलं की उठून जायची.

"आई, हा तू काढलास?"

मावशीने फोटो जवळ घेऊन पाहिला. "मी? असेल," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "हे कोण गं झोपलेत?"

बस. त्या दिवसापुरती मावशी तिथेच संपली.

त्यानंतर धाकटीच्या बाजूला एकही फोटो आलेला नाही. थोरली दर रविवारी फोटो काढते. स्वतःचे, मावशीचे, रिकाम्या खुर्चीचेसुद्धा. सगळे आत घालते आणि वाट बघते. सॉफ्टवेअर तिच्या प्रत्येक फोटोवर थोरली असंच म्हणतं.

"बाबांबरोबरच गेली ती," थोरली मला म्हणाली. "मला माझी बहीण मिळाली, ताई, आणि त्याच दुपारी कळलं की ती जाऊन चार वर्षं झालीत."

मावशी आता कुणालाच ओळखत नाही. मधूनच दाराकडे बघून विचारते, "आणि दुसरी कुठाय?"

इतकंच घडलं. मला यातलं काही उलगडून सांगता येत नाही.

पण ही गोष्ट मी लिहायला का घेतली, ते सांगायचं राहिलंय.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. थोरलीने ते सत्तावन्न फोटो मला दाखवले. एकेक करत, कुणाच्या घरी गेल्यावर बाळ दाखवतात तसे. मी बघत होते, मान हलवत होते. आणि एका फोटोत मी निघाले.

आमच्या घराची गच्ची. मी विशीतली, परगावी पहिल्या नोकरीला निघालेली. शेजारी ती.

"हा चुकलाय बघ," मी म्हटलं. "ही तू आहेस. मावशी-काकांबरोबर तू आली होतीस मला निरोप द्यायला. तासभर बसलो होतो आपण दोघी वर."

थोरलीने फोटो मोठा करून पाहिला.

"ताई, माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी घरीच होते. आई-बाबा दोघंच आले होते तुमच्याकडे."

मी खूप आठवून पाहिलं. त्या दोघांबरोबर ती जिना चढून आली होती की मागाहून आली, ते काही केल्या आठवत नाही.

बाकी सगळं आठवतं.

आम्ही पाच भावंडं. एका कपाटात पाच जणांचे कपडे, एका पलंगावर तिघी. मी त्या दिवशी घरच्यांवर चिडलेलीच होते, आणि माझी जीभ तेव्हाही अशीच होती. मी तिला म्हटलं होतं, "तुझी बरी मजा आहे बाई. एकटी आहेस. सगळं तुझ्या एकटीचं. वाटून घ्यायला कुणी नाही."

तिने माझा हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. हात चांगला ऊबदार होता. मला वाटलं, मी चालले म्हणून हिला वाईट वाटतंय.

हे मी थोरलीला सांगितलेलं नाही. सांगवत नाही. आणि जिची माफी मागायची तिला आता कुठे शोधू?

निघताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "येते गं, थोरले."

तिने नुसती मान हलवली. मी थोरली नाही, असं ती म्हणाली नाही.